दुखायचं थांबलं म्हणून

ये गं अशी जवळ, कागदावर का होईना. धाकटी बहीण म्हणून लाडानं सुरुवात करतेय, पण चिडलेय मी तुझ्यावर. काल फोनवर काय म्हणालीस? "अक्का, मुतखडा निघाला, आत घातलेली नळीही काढली. आता कसली तपासणी? कांदे काढायचेत." वर टोमणा, "तुला दवाखान्याची हौसच आहे!"

हौस? ऐक मग.

माझ्या खड्याच्या वेळी दसरा तोंडावर आलेला, मळ्यात झेंडूची तोडणी चाललेली. डाव्या कुशीत अशी कळ आली की पाटी टाकून मी वाफ्यातच बसले. सोनोग्राफीत दिसलं, खडा लघवीच्या वाटेत अडकलाय आणि वरची किडनी फुगलीय. डॉक्टर म्हणाले, "आठ दिवसांनी परत या. दुखलं नाही तरी या." मी पानफुटीची पानं चावत राहिले, आणि चौथ्या दिवशी दुखणं बंद! तुझे दाजी म्हणाले, "बघ, पानांनी काम केलं. डॉक्टर काय, बोलावणारच." आणि मला ते पटलं, मी परत गेलेच नाही, याचाच जास्त संताप येतो. गल्लीतल्या बायकांना पानं वाटली गं मी! मिरवत वाटली!

खडा तिथंच होता. कळ तेवढी थांबली होती. वर्षानं मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तेव्हा किडनी बिघडल्याचं कळलं. मग खडा काढला, वाट मोकळी झाली, पण किडनी आक्रसली ती आक्रसलीच. मी विचारलं, "आता भरून येईल ना?" डॉक्टर म्हणाले, "गेलं ते नाही येत, आजी. उरलंय ते सांभाळा." म्हणून बीपी, रक्त, लघवी ठरल्या वेळी तपासून घेते. हौस म्हणे!

तुझी वाट लवकर मोकळी झाली, तुझी किडनी सावरेलही. पण सावरली की नाही, हे तू न तपासता कशावरून ठरवलंस? दुखत नाही म्हणून? मीही तेच म्हणाले होते. आणि कंबरेसाठी मेडिकलमधून आणून दुखण्याच्या गोळ्या खातेस ना, त्या आधी बंद कर, किडनीला बाधतात. किडनीचं सांगून डॉक्टरांना विचार, मग काय ते घे.

कांदे नवऱ्याला काढू दे, त्याचे हात काही झिजत नाहीत. सोमवारी सकाळी चांदवडहून एसटी धर, इथं द्वारका चौकात उतर, मी उभी राहते तिथं. डॉक्टरांचे सगळे कागद घेऊन ये. आधी तपासणी करू, मग चार दिवस राहा माझ्याकडे, भांड हवं तेवढं. पण ये बाई, लवकर ये.