जावयावर लॉक

माझी मावशी गाडी चालवायला शिकवायची. शिकणारा स्टिअरिंगवर, ती शेजारच्या सीटवर आणि तिच्या पायाखाली तिचा स्वतःचा वेगळा ब्रेक. त्या ब्रेकवर पाय ठेवून तिने निम्म्या गावाला रस्त्यावर आणलं. डॉक्टर, दुकानदार, शाळेच्या मुख्याध्यापिका, सगळे कधी ना कधी तिच्या "आरसा! आरसा कोण बघणार, मी?" या ओरडण्याने दचकलेले. ती बाजारात नुसती चालत जरी गेली, तरी समोरून येणारी स्कूटर आपोआप हळू व्हायची.

तिच्या हाताखालून गेलेला आणि तरीही गाडी न शिकलेला माणूस एकच, तिचा जावई. तो पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात संगणकावर नकाशे काढतो. त्याने क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारायची. परीक्षेत नापास झाला, परत शिकायला आला, परत नापास झाला. मावशी घरी येऊन सांगायची, "डोक्याने अगदी ढ, पण चिकाटी बघावी तर त्याची." चिकाटी होतीच, पण ती क्लासच्या ऑफिसात पावत्या फाडणाऱ्या तिच्या मुलीसाठी होती, हे तिला लग्नाचा विषय घरात निघाला तेव्हा कळलं.

लग्न झालं. कालपर्यंत ज्याला "अरे गाढवा, दुसरा गिअर" म्हणायची त्याला ती अहो-जाहो करायला लागली. तो मात्र तिला मॅडमच म्हणत राहिला.

"सासूला कोणी मॅडम म्हणतं का?" ताई, म्हणजे माझी मावसबहीण, वैतागायची.

"तोंडात दुसरं काही येतच नाही," तो म्हणायचा.

पुढे मावशीचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कपातला चहा बशीत सांडायचा, मग सुईत दोरा जाईना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जिवाला धोका नाही, गोळ्यांनी थोडं कमी होईल, पण पूर्ण जाणार नाही. तिने ते मनावर घेतलं नाही. एकदा मात्र शिकाऊ मुलीने वळणावर घाबरून स्टिअरिंग सोडून दिलं, मावशीने हात घातला आणि तो हात स्टिअरिंगवर ठरेना. ब्रेक वेळेवर लागला, गाडी भिंतीला नुसती घासली, कोणाला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तिने क्लासच्या किल्ल्या हाताखालच्या मास्तरांना देऊन टाकल्या. कोणी समजूत घालायला गेलं की म्हणायची, "झालं ते झालं. आता विषय बंद."

घरी ती एकटीच असायची, म्हणून ताईने तिला आपल्याकडे आणलं. ताईची आता दवाखान्यात नोकरी, दुपारपाळीची. संध्याकाळी घरात सासू आणि जावई दोघंच. "चहा घेता?" "घेतो, मॅडम." एवढं झालं की शब्द संपले. मग तो पडद्यासमोर बसून आपला खेळ लावायचा आणि ती खुर्चीत बसून खिडकीबाहेरच्या गाड्यांना नावं ठेवायची. एकदा बाहेर काही नावं ठेवण्यासारखं दिसेना, तेव्हा तिने पडद्याकडे मान वळवली.

खेळ अवकाशातल्या लढाईचा होता. प्रत्येकाचं एक छोटं यान, चार जणांचा एक संघ, आणि काळ्याकुट्ट पोकळीत एकमेकांचा पाठलाग. जावयाचे तीन दोस्त आपापल्या घरातून त्याच्या संघात खेळायचे. त्यातला एक टायरचं दुकान चालवणारा. तो सगळ्यांवर हुकूम सोडायचा म्हणून त्याला सगळे कप्तान म्हणत.

"तो गोल कसला आहे?" मावशीने विचारलं.

"नेम धरायचा गोल, मॅडम. समोरच्या यानावर तो थोडा वेळ धरून ठेवायचा. पांढऱ्याचा पिवळा होतो, पिवळ्याचा लाल. लाल झाला की लॉक बसलं. मग क्षेपणास्त्र सोडायचं. ते आपणहून शोधत जातं."

"म्हणजे धरणाऱ्याचा हात हलला तर?"

तो खेळता खेळता थांबला. त्याचं यान तेवढ्यात एका उल्केवर आपटून फुटलं, पण त्याने तिकडे पाहिलं नाही. "थोडा हलला तर चालतं," तो म्हणाला. "गोल मोठा करता येतो. बघता का?"

आणि त्याने ते बटणांचं यंत्र तिच्या हातात दिलं.

पहिले काही दिवस त्या घरात काय चाललं होतं ते ताईकडून ऐकताना माझी हसून मुरकुंडी वळली. मावशी अवकाशात डाव्या बाजूने यान चालवायची. वळताना "इंडिकेटर कुठे आहे याचा?" विचारायची. शत्रू मागे लागला तर वेग वाढवायच्या ऐवजी बाजूला होऊन त्याला पुढे जाऊ द्यायची, "जाऊ दे बाबा, तुला घाई आहे तर." पण गोल लाल झाला, बीप-बीप थांबून एकसंध सूर लागला आणि समोरचं यान फटाक्यासारखं उडालं, की खुर्चीतल्या खुर्चीत उसळायची. हात थरथरायचाच. गोल इकडेतिकडे डुलायचा, पण शेवटी जागेवर बसायचा. "माझा हात एवढा समजून घेणारं या घरात हे एकच आहे," ती म्हणाली, आणि ताईला रागवावं की हसावं ते कळेना.

जावयाने जुना संगणक दुरुस्त करून तिला वेगळा पडदा लावून दिला. आता दोस्त नसतील तेव्हा दोघं शेजारी बसून दोघांचाच संघ करून खेळायला लागली. आणि इथे एक भानगड झाली. त्या खेळात लॉक कोणावरही लावता येतं, आपल्या माणसावरसुद्धा. लावलं की तो कुठे आहे, किती लांब आहे, ते दाखवणारा बाण आपल्या पडद्यावर येतो. मावशीला तो बाण फार आवडला. खेळ सुरू झाला की ती पहिलं लॉक जावयावर लावायची. पण ज्याच्यावर लॉक बसतं त्याच्या कानात धोक्याची घंटा वाजते.

"मॅडम, मला लॉक करू नका."

"का? मी काय तुमच्यावर गोळी झाडणार आहे?"

"तसं नाही, पण घंटा वाजत राहते."

"वाजू दे. तुम्ही या अंधारात कुठे भरकटलात तर शोधायचं कोणी? पोरीला काय तोंड दाखवू?"

तो संध्याकाळभर कानात घंटा घेऊन खेळायचा. हळूहळू त्याला त्या घंटेचं काही वाटेनासं झालं.

मग गावोगावच्या संघांची एक स्पर्धा आली. चौघांतला एक ऐन वेळी तापाने आडवा झाला आणि जावयाने मावशीचं नाव सुचवलं. कप्तान कुरकुरला, पण चौथा माणूस आणणार कुठून? रविवारी सकाळी नाश्ता करताना जावई चाचरत म्हणाला, "मॅडम, आजच्या दिवस फक्त... ते लॉक..."

"नाही लावत. शब्द दिला," मावशी म्हणाली.

सामना चांगला रंगला. मावशीने शत्रूचं एक यान उडवलं, तेव्हा कप्तानाच्या तोंडूनही "वा" निघालं. शेवटी दोन्ही बाजूंचं थोडंच बळ उरलं असताना जावयाच्या कानात घंटा वाजली. तो गालात हसला. "मॅडम, शब्द दिला होतात," असं म्हणत सरळ उडत राहिला. मावशीने वळून त्याच्या पडद्याकडे पाहिलं आणि किंचाळली, "मी नाही! मी नाही!" तोवर क्षेपणास्त्र येऊन आदळलं होतं. त्याचं यान गेलं, पाठोपाठ सामना गेला.

स्पीकरवरून कप्तानाचा आवाज खोलीभर घुमला. "तरी म्हणत होतो! म्हातारीला घेऊन खेळायला बसलास तर दुसरं काय होणार?"

माझ्या या मेव्हण्याचा आवाज कधी चढलेला कोणी ऐकला नव्हता. नापास झाल्यावर ओरडा खातानाही तो खाली मान घालून उभा राहायचा. त्या दिवशी मात्र तो म्हणाला, "त्यांनी शब्द पाळला. घंटा मी ऐकली आणि मीच वळलो नाही. बोलायचं असेल तर मला बोल. त्यांच्याबद्दल पुन्हा असा शब्द काढलास तर मी तुझ्या संघात नाही." आणि त्याने बटण दाबून आवाज बंद केला.

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. मग एकदम फुटली, "अरे गाढवा! घंटा वाजली की आधी वळायचं, मग विचारायचं कोण आहे! एवढंसुद्धा कळत नाही तुला?"

लग्नानंतर पहिल्यांदा ती त्याला अरे म्हणाली होती. तो खुशीत हसला. "चुकलं, मॅडम."

तरी ते तिच्या मनाला लागलंच. पुढचे काही दिवस ती पडद्याकडे फिरकली नाही. "मी सवय लावली म्हणून तुझ्यावर वेळ आली," एवढंच म्हणायची. मग एके दिवशी खुद्द कप्तान दारात उभा. आत येऊन खुर्चीच्या टोकावर टेकला आणि टोपीशी चाळा करत म्हणाला, "बाई, तुम्ही मला ओळखलं नाहीत. मी तुमच्याकडेच गाडी शिकलोय. आवाज ऐकला तेव्हाच ओळखायला हवं होतं मी."

मावशीने चष्म्यावरून त्याला न्याहाळलं. "रिव्हर्स घेताना मान न वळवणारा?"

"तोच."

"अजून वळवत नाहीस. खेळातही वळवत नाहीस." कप्तानाने मान खाली घातली आणि पुढे केलेला चहा मुकाट्याने संपवला.

अशी ती परत खेळायला बसली, आणि तापातून उठलेल्या दोस्ताने संघातली आपली जागा तिलाच देऊन टाकली. जावयाने शोधून काढलं की आपल्या माणसावर लॉक न लावता नुसती निळी खूण करता येते. बाण दिसतो, घंटा वाजत नाही. मावशीने ती सोय वापरली, पण वर ऐकवलंच, "तू कुरकुरायचास ते बरं होतं. आता आहेस की झोपलास, ते कळत नाही."

या गोष्टीला बरेच दिवस झाले. मावशीचा हात आता जास्त हलतो. गोल मोठ्यातला मोठा केला तरी लाल व्हायला खूप वेळ लागतो, आणि शत्रू काही तिच्यासाठी थांबत नाही. मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा मागे बसून दोघांचा खेळ पाहिला. जावई शत्रूच्या नाकासमोरून जायचा, त्याला आपल्या मागे लावून घ्यायचा आणि संथ वेगाने मावशीच्या समोरून सरळ रेषेत उडायचा. मागचा त्याच्यावर मारा करायचा, याच्या यानाच्या चिंध्या व्हायच्या, पण तो वळायचा नाही. मावशीचा गोल पांढरा, पिवळा, परत पांढरा, पिवळा, आणि एकदाचा लाल.

"उडवला!" मावशी ओरडली. "आज फारच सरळ उडतोयस रे तू."

"आज शत्रूच सरळ आहे, मॅडम."

त्यांचा संघ खेळाच्या क्रमवारीत तळाला असतो. कप्तान रोज बोंब मारतो आणि रोज खेळायला हजर असतो.

जावई चहा टाकायला आत गेला, तेव्हा मावशी माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, "त्याला वाटतं, मला कळत नाही."

"मग सांगत का नाहीस?"

"वेडी आहेस का? सांगितलं तर थांबेल ना तो."

तेवढ्यात ताई पाळी संपवून आली. घरात कुकर लावलेला नाही, बेसिनमध्ये भांडी तशीच आणि दोन्ही पडदे चालू. तिने पर्स खुर्चीवर आपटली. मावशीने आत बोट दाखवत ताबडतोब जाहीर केलं, "मी म्हणतच होते त्याला बंद कर म्हणून," आणि आतून आवाज आला, "मॅडम!"