मुलीच्या आईला जून, मुलाच्या आईला ऑक्टोबर

शोभनाताईंची हकीकत मी सांगतोय हे जागृतीला कळलं, तर ती आमच्या दारावरून मान वळवून जाईल. तशी ती आताही जातेच, तेव्हा सांगायला हरकत नाही.

शोभनाताई म्हणजे जागृतीची आई. अमरावतीच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होत्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल हे माइकवरून सांगण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आवाज असा, की परतवाड्याचा पॅसेंजर अर्धा चहा टाकून उठायचा. मिस्टर गेल्यावर मुलीनं त्यांना इकडे अमेरिकेत, ईडन प्रेरीला बोलवायला सुरुवात केली. दर वर्षी बोलावते, खोटं का बोला. पण दर वर्षी जूनमध्येच. शाळा सुटली की आजी विमानातून उतरणार, शाळा भरली की आजी विमानात बसणार. मधल्या काळात पोरांचं खाणं, पोहणं, भांडणं, आणि आईबापांच्या मीटिंगा चालू असताना घरात शांतता, एवढं खातं आजीकडे. याला जागृती म्हणते, "आईला जरा चेंज."

या चेंजमध्येच त्यांना मासेमारीचा नाद लागला. जावयानं, म्हणजे गिरीशनं, कधीतरी उत्साहाच्या भरात फिशिंग रॉड आणला होता. तो ट्रेडमिलच्या शेजारी गॅरेजात धूळ खात पडला होता. ताईंनी तो उचलला, रीतसर लायसन्स काढलं आणि आमच्या मागच्या तळ्यावर उभ्या राहिल्या. इथं बास नावाचा मासा असतो, मोठ्या तोंडाचा आणि तापट डोक्याचा. त्याला धरायला ताई क्रँकबेट वापरतात. क्रँकबेट म्हणजे बोटाएवढा रंगवलेला खोटा मासा. तोंडाशी प्लास्टिकची जीभ, पोटाशी गळ. रीळ फिरवलं की ती जीभ पाणी कापते आणि खोटा मासा बुडी मारून डुलत डुलत यायला लागतो. बास त्याच्यावर चिडून झेप घेतो. ताई धरतात आणि सोडून देतात. यावरून आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या मालवणकडच्या बायका अजून सुतकात आहेत.

पण या खोट्या माशाला ऋतू लागतो. जुलै-ऑगस्टात आमच्या तळ्यात पाणगवत एवढं माजतं, की क्रँकबेट टाकावं आणि गळाला मेथीच्या जुडीएवढा पाला घेऊन बाहेर काढावं. बासही उन्हाला कंटाळून खोल पाण्यात दडी मारतो. क्रँकबेटच्या सुगीचे हंगाम दोन. एक वसंतात, बर्फ वितळून पाणी जरा कोमट व्हायला लागतं आणि अंडी घालण्याआधी मासे काठाकडे सरकतात तेव्हा. दुसरा सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरभर. पाणी निवतं, गवत मरून तळाला बसतं, बारके मासे काठाशी जमतात, आणि बास हिवाळ्याच्या आधी अधाशासारखा त्यांच्या मागे लागतो. त्यातही आभाळ भरलेलं हवं, पाणी किंचित गढूळ हवं, वारा दगडी काठावर आदळणारा हवा.

"वारा सुटला की लोक घरी जातात, भाऊ," ताई मला सांगायच्या, "आणि खरी वेळ तीच असते."

हे सगळं बाईंना ऐकून-वाचून पाठ. आणि एकही ऑक्टोबर त्यांनी इथं बघितलेला नव्हता.

गेल्या ऑगस्टात जागृतीच्या पॅटिओवर जेवायला होतो. ताईंनी भाकरी वाढता वाढता विषय काढला. "मी काय म्हणते, यंदा मी ऑक्टोबर संपेपर्यंत राहते. पासपोर्टवर डिसेंबरपर्यंतचा शिक्का आहे."

"आई, नाही जमणार," जागृती म्हणाली. "सप्टेंबरमध्ये गिरीशचे आईबाबा येतायत. फॉल कलर्स बघायला. गेस्ट रूम एकच आहे ना."

"दर वर्षी तेच येतात सप्टेंबरात."

"कारण वेदर छान असतं तेव्हा. त्यांना उकाडा सोसत नाही."

ताई भाकरीचं टोपलं घेऊन आत गेल्या. माझा घास मात्र हातात राहिला. बायकोनं, नीलानं, टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला म्हणून गप्प बसलो, नाहीतर तिथंच तोंड सोडलं असतं. आता सोडतो. मुलाच्या आईबापांना गुलाबी थंडी आणि लाल-पिवळी पानं, आणि मुलीच्या आईला डास, उकाडा आणि पोरांच्या समर कॅम्पचे डबे? म्हणे आम्ही अमेरिकेत राहतो, आम्ही हे सगळं मानत नाही. अरे, पूर्वी लग्नात वरमाईला मानाची खुर्ची मिळायची, ती एका संध्याकाळपुरती. तुम्ही तर अख्खा ऋतूच वाटून टाकलात. आणि वाटणारी कोण, तर पोटची मुलगी. गिरीशला दोष देऊ म्हटलं, तर त्या बाबाला कुठला महिना चालू आहे हेही कॅलेंडर बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

त्याच रात्री नीला म्हणाली, "आपली वरची खोली रिकामीच आहे." झालं. ताईंनी विमान कंपनीला स्वतः फोन लावला. स्टँडवरचा तो आवाज ऐकून पलीकडच्या पोरानं मुकाट्यानं तारीख बदलली. ऑगस्टअखेर त्या बॅग ओढत रस्ता ओलांडून आमच्याकडे आल्या.

मंडळात नुसता धुरळा. मुलीचं घर समोर असताना आई शेजाऱ्यांकडे! मी कुणाला काही सांगितलं नाही. ज्यांनी विचारलं त्यांनाच सांगितलं, आणि ज्यांना विचारायचं सुचत नव्हतं त्यांना सुचवलं. जागृती तणतणत आली. "काका, तुम्ही आमची इमेज खराब करताय यार."

"इमेज तुझी," मी म्हटलं, "ऑक्टोबर तिचा."

ऑक्टोबरातल्या एका ढगाळ सकाळी वारा असा सुटला, की तळ्यावर चिटपाखरू नाही. ताई दगडी काठावर उभ्या होत्या, मी त्यांची पिशवी धरून. क्रँकबेट खडकावर ठेचकाळत यायचं, ताई क्षणभर रीळ थांबवायच्या, पुन्हा फिरवायच्या. एकदा थांबवलं आणि रॉड कमान होऊन वाकला. मासा हवेत उडाला, डोकं झटकलं, पण ताईंनी दोर सैल पडू दिला नाही. काठावर आणून त्याला जबड्याला धरून उचललं, तेवढ्यात मागून आवाज आला, "अगंबाई, केवढा तो."

विहीणबाई होत्या. गिरीशच्या आई, मीनाक्षीताई. जागृती त्यांना गाडीतून तळ्याभोवतीची पानं दाखवायला घेऊन आली होती. आता इथं काय होतंय म्हणून मी कान टवकारले.

ताईंनी मासा पाण्यात सोडला, हात पुसले. "या. पानं बघायला आलात?"

"कसली पानं," मीनाक्षीताई फणकारल्या. "दोन दिवसांत बघून झाली. नातवंडं सकाळी बसनं जातात, संध्याकाळी स्क्रीनला चिकटतात. दिवसभर आम्ही दोघं त्या घरात भुतासारखे. मला पोरांबरोबर सुट्टी हवी होती हो. ती दर वर्षी तुम्हाला मिळते."

जागृती चमकली. "आई, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"विचारलंस कधी? व्हॉट्सॲपवर तिकीट येतं, आम्ही बॅग भरतो."

"उकाडा सोसत नाही म्हणाली ना ही," ताई म्हणाल्या.

"मी नागपूरची आहे. इथल्या उन्हाला आम्ही उकाडा म्हणू होय?"

मी हसू दाबलं. जागृतीला ते दिसलं असावं.

"मग ठरलं," ताई स्टँडवरच्या आवाजात म्हणाल्या. "पुढचा जून यांचा. सप्टेंबर-ऑक्टोबर माझा."

"असं डायरेक्ट नसतं ठरवायचं, आई. गिरीशशी बोलावं लागेल."

"बोल की. इतकी वर्षं माझे महिने ठरवताना माझ्याशी कोण बोललं होतं?"

जागृती गाडीकडे गेली, फोन कानाला लावला. मीनाक्षीताई गेल्या नाहीत. पदर खोचून दगडावर आल्या.

"कसं टाकायचं हे?" त्यांनी विचारलं.

ताईंनी रॉड त्यांच्या हातात दिला. "आधी वाऱ्याकडे तोंड करा."

गाडीचा हॉर्न वाजला, मग पुन्हा वाजला. दोघींपैकी कुणीही वळून बघितलं नाही.