दिल्लीच्या माणसाला दाखवलेला रस्ता

एसटी स्टँडवर दिल्लीहून आलेल्या एकाने कोर्टाचा रस्ता विचारला आणि मी मुद्दाम उलट दिशेला बोट दाखवलं.

टोकियो, दिल्ली, शांघाय, ढाका. सर्वांत जास्त माणसांची ही शहरं मी शाळेत पाठ केली होती. एवढी माणसं म्हणजे वाट विचारायला किती सोय, असं तेव्हा वाटायचं. पण दिल्लीत माझ्या पदवीदानाला निघालेल्या माझ्या वडिलांना, अप्पांना, चौघांनी मान वर न करता चार दिशा दाखवल्या. ज्यांनी मला शिकवलं, ते समारंभ संपल्यावर पोचले.

बाकावर मांडी घालून बसलेले अप्पा म्हणाले, "अरे, कोर्ट तर इकडं आहे."

"माहीत आहे, अप्पा."

त्या माणसाला सोडायला जावं म्हणून ते चपला शोधू लागले. मी चपला पायाने बाकाखाली सरकवल्या.