मेजर, तिला सांग

रेल्वेच्या चाळीत भिंती पातळ असतात, त्यामुळे किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप पलीकडून येतात आणि साठत जातात. लग्न होऊन मी लोणावळ्याच्या चाळीत आले तेव्हा पहिलं वर्ष नुसतं ऐकत होते, मग मीच सांगायला लागले. आमच्या ह्यांना ते आवडायचं नाही. हे स्टेशनात तिकिटं द्यायचे आणि घरी आल्यावर शांतता मागायचे. पण शेजारच्या आबांच्या सशाचं मी नाही सांगायचं तर कुणी सांगायचं?

मोठ्या लढाईच्या आधीची ही वर्षं. आबा मालगाडीचे गार्ड होते, तेव्हा नुकतेच रिटायर झालेले. मूळचे मावळातल्या उर्से गावचे. मुलगा दत्तू इंजिनावर कोळसा टाकणारा फायरमन, म्हणजे घरात कमी आणि घाटात जास्त. सून सगुणा माझ्याच वयाची. आणि आबांची बायको, आम्ही तिला आक्का म्हणायचो, ती त्याच साली गेली.

आक्का गेल्यावर त्या घरात एक अडचण झाली. सून सासऱ्याशी बोलत नसे, तशी रीतच होती. काय ते आक्कामार्फत चालायचं. आता दत्तू ड्यूटीवर गेला की ती दोघं दिवसच्या दिवस मुकी. ताट वाढलं की सगुणा भांडं वाजवायची, आबा खाकरायचे. भिंतीपलीकडून मला तेवढंच ऐकू यायचं.

* * *

मग पीटरसाहेब नावाचा इंजिन ड्रायव्हर नोकरी संपवून बंगळूरला निघाला आणि आपला विलायती ससा आबांना देऊन गेला. ससा कसला, मांडीवर घेतला तर मांडी दिसत नव्हती. नाव मेजर.

"आबा," पीटरसाहेब म्हणाला, "छोटा खरगोश दस साल जीता है. बडा खरगोश चार साल, पाच साल."

"आणि नीट बघितला तर?"

"तो आठ. घास दो, घास दो, और घास दो. और मेहमान को कुछ खिलाने मत दो."

आबांनी त्याच दिवशी ठरवलं की मेजर आठ वर्षं जगणार. माणसानं कशाचा तरी ध्यास घ्यावा लागतो. आक्का गेल्यापासून आबा सकाळी अंथरुणातून उठायला मागत नव्हते, ते दुसऱ्या दिवशी पहाटे विळा घेऊन बाहेर पडले.

आणि त्याच आठवड्यात मी भिंतीला कान लावून ऐकलं. सगुणा म्हणत होती, "मेजर, तुज्या मालकाला सांग, ताट वाढलंय."

 मग आबांचा आवाज आला, "मेजर, तिला सांग, आलो."

मी ह्यांना उठवून सांगितलं. हे म्हणाले, "मग काय झालं?" काही माणसांना सांगून उपयोग नसतो.

* * *

लोणावळ्याला येणाऱ्याच्या हातात चिक्की असतेच. मेजरला बघायला येणारा प्रत्येक जण एक तुकडा त्याच्यापुढे धरायचा. आबा तो तुकडा मधेच उचलून स्वतःच्या तोंडात टाकायचे. पाहुण्याचा अपमान नको आणि सशाचं पोट बिघडायला नको. वर्षभरात मेजरचे दात उत्तम राहिले आणि आबांची एक दाढ काढावी लागली.

दातांवरून आठवलं. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात, हे पीटरसाहेबानं सांगून ठेवलं होतं. गवताला तोटा नव्हता, मावळातलं गवत तर वॅगनी भरभरून मुंबईच्या तबेल्यांना जायचं. पण लोणावळ्याचा पाऊस म्हणजे चार महिने गवताला बुरशी. बुरशीचं गवत मेजरला चालायचं नाही. म्हणून आबांनी चुलीच्या वर एक फळी टांगली आणि त्यावर गवत वाळत घातलं. खाली सगुणाचा स्वयंपाक.

एक दिवस सगुणा म्हणाली, "मेजर, मालकाला सांग, आमटीत तुजा चारा पडलाय. बाजूला काढून खावा म्हणावं."

आबा म्हणाले, "मेजर, तिला सांग, कोथिंबिरीपरास बरा लागतोय."

सगुणाला हसू आवरेना. त्या घरातून हसण्याचा आवाज आला तो आक्का गेल्यानंतर पहिल्यांदा. मी इकडे पोळी करपवली.

* * *

मेजरचं वजन पार्सल ऑफिसच्या काट्यावर व्हायचं. पार्सलबाबू काटा बघून म्हणायचा, "अभिनंदन आबा, वाढलं." आबांचं तोंड उतरायचं. जड ससा फरशीवर बसून बसून टाचांना जखमा करून घेतो आणि लवकर जातो, हे पार्सलबाबूला कोण सांगणार? त्याच्या घरी तर मुलाचं वजन वाढावं म्हणून नवस बोलले होते.

आबांचा धाकटा भाऊ ज्ञानू उर्शाहून यायचा. त्याचा हिशोब तिसराच. मेजरला हातानं चाचपून तो म्हणायचा, "लय भारी झालाय. कवा कापायचा?"

"कापायचा न्हाई."

"मग पाळलाय कशापाई?"

आबा विळा उचलून गवत कापायला निघायचे. उत्तर मला येत होतं, पण मला कुणी विचारलं नाही.

* * *

वजन वाढू नये म्हणून आबा मेजरला रोज संध्याकाळी चाळीमागच्या माळावर फिरवायचे. कुत्री आणि पोरं आडवी येऊ नयेत म्हणून गार्डाची लाल आणि हिरवी निशाणं बरोबर. मेजर तिथल्या सायडिंगचे, म्हणजे बाजूच्या जादा लायनीचे, रूळ ओलांडायला निघाला की आबा लाल दाखवायचे. पोरं जागच्या जागी उभी राहायची, कुत्री मात्र समजून घ्यायची नाहीत.

एकदा त्या सायडिंगवरून एक गोरा साहेब तपासणीची ट्रॉली घेऊन आला. लाल निशाण दिसल्यावर ट्रॉलीवाल्यांनी ब्रेक मारला. साहेब उतरून चालत आला. रुळांच्या मधोमध मेजर बसलेला, तोंड धूत.

"हे काय आहे?" साहेबानं मोडक्या मराठीत विचारलं.

आबांनी सलाम ठोकला. "मेजर पास होतोय, साहेब."

साहेबानं मेजरकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला, "पास झाला की हिरवा दाखव." आणि जाऊन ट्रॉलीवर बसला.

* * *

एवढं करूनही एका पावसाळ्यात मेजरच्या मागच्या टाचा लाल झाल्या. फरशी दगडी आणि गार. पोती घातली, ती ओली झाली. शेवटी आबांनी पेटी उघडली, आक्कानं शिवलेली गोधडी काढली आणि मेजरखाली घातली. स्वतः उघड्या चटईवर झोपले.

सकाळी सगुणानं ते बघितलं.  दुपारी माझ्याकडे सुई मागायला आली, तिच्या हातात लग्नातलं जुनं लुगडं होतं. दोन दिवसांत तिनं त्याची जाड गादी शिवून मेजरला घातली आणि आक्काची गोधडी धुऊन, वाळवून आबांच्या अंथरुणावर ठेवली.

आबा म्हणाले, "मेजर, तिला सांग," आणि पुढे काही सांगितलंच नाही. मला फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं. टाचा महिनाभरात बऱ्या झाल्या.

* * *

मेजरला सहावं वर्ष लागलं होतं तेव्हाची गोष्ट. ज्ञानू शेंगांचं पोतं घेऊन आला. "कापायचा न्हाई तर न्हाई, निदान प्वाटभर खाऊ तरी द्या त्याला," असं म्हणून त्यानं, आबा बाहेर गेले असताना, ओंजळी ओंजळीनं शेंगा घातल्या. मायेनंच घातल्या, त्याला काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी मेजरनं गवताला तोंड लावलं नाही. पोट टम्म आणि खाली एक लेंडी नाही. सशाचं पोट थांबलं की ससा जातो, आणि ते थांबलेलं समजतं लेंडीवरूनच. हे चाळीत आता सगळ्यांना ठाऊक होतं. आबा जमिनीवर बसले ते उठेनात. त्याचं पोट हलक्या हातानं चोळायचे, दोन पावलं चालवायचे, चमच्यानं पाणी पाजायचे, पुन्हा चोळायचे. मी आत डोकावले तर ज्ञानू कोपऱ्यात डोकं धरून बसलेला आणि सगुणा चुलीपाशी. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आक्का गेली त्या दिवसांसारखं ते घर झालं होतं, आणि मेजर गेला तर ते तसंच राहणार हे मला स्पष्ट दिसत होतं. मी देवाला हात जोडले. सशासाठी जोडायचे की नाही याचा विचार केला नाही.

दत्तू घाटात अडकलेला. रात्र तशीच गेली. दुसरा दिवसही कलला. दाराशी अख्खी चाळ जमली होती.

आबा एकदम म्हणाले, "झाली."

"किती?" पार्सलबाबूनं बाहेरून विचारलं.

"दोन. तिसरी येतीय."

ज्ञानू लहान मुलासारखा रडायला लागला. माझ्या घरात साखर होती ती मी आणून वाटली. लेंडीसाठी साखर वाटल्याचं ह्यांना नंतर समजलं, पण त्या वेळी हेही हात पुढे करून उभे होते. मेजरनं मान वळवली, गवताची एक काडी ओढली आणि सावकाश चावायला लागला.

तेवढ्यात सगुणा आतून आली. हातात पिठलं-भाकरीचं ताट. डोक्यावरचा पदर सारखा केला, आबांच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि सगळ्या चाळीदेखत, मेजरकडे न बघता म्हणाली, "आबा, त्यानं खाल्लं. आता तुमी खावा."

 आबांनी वर बघितलं. मग ताटाकडे, मग सशाकडे.

"मेजर," ते म्हणाले, "तिला सांग, तिनंबी कालपास्नं काय खाल्लं न्हाई. तिचं ताट हितंच घेऊन ये म्हणावं."

मेजरचं तोंड गवतानं भरलेलं होतं. सगुणा आत गेली आणि ताट घेऊन आली.