तिसरा नियम

सांगलीत आमच्या वाचनालयात दर रविवारी बुद्धिबळाचे डाव रंगतात. हळदीच्या बाजारात मापाडी असलेले एक चाचा खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांना नियम सांगतात. त्यांना कुणी नेमलेलं नाही. बोटं कायम पिवळी, आवाज सौदा पुकारल्यासारखा.

"प्यादं पयल्यांदा दोन घरं जाईल. राजा घोड्यागत उडनार न्हाई, ते आपलं गावाकडचं झालं. आन् हात लावला, तर तेच मोहरं खेळायचं. कळलं न्हवं?"

लांब जत तालुक्यातनं आलेला एखादा नवखा असला की पुन्हा पहिल्यापासून.

"आवं चाचा, पाठ झालं आता," मी दर वेळी चिडायचो.

दिवाळीनंतरच्या स्पर्धेत माझी गाठ त्यांच्याशीच पडली. मी वजिराला बोटं लावली आणि लक्षात आलं, हा हलवला तर डाव जातोय. हात मागं घेतला.

"हात लागला काय रं?" त्यांनी हळूच विचारलं.

"न्हाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि पुढची चाल खेळले. ते हरले. उठताना हात मिळवून म्हणाले, "लय भारी खेळलास गड्या."

पुढच्या रविवारी त्यांनी प्याद्याचं सांगितलं, राजाचं सांगितलं. मग त्यांची नजर माझ्यावर आली. "करा सुरू," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून मी असलो की तिसरा नियम ते सांगतच नाहीत. मी मात्र दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन तो ऐकायला बसतो.