न्हाणीघराचं कुलूप

मुली अँजेलिनाबाईंना तोंडावर आंटी म्हणत आणि पाठीमागे फौजदार. दोन्ही नावं त्यांच्या कानावर आलेली होती आणि त्यांतलं दुसरं त्यांना अधिक पसंत होतं.

अंधेरीतल्या एका रुग्णालयामागे मुलींचं छोटं वसतिगृह होतं, त्याच्या त्या रेक्टर. शहरातल्या कॉलेजात डॉक्टरकी शिकणाऱ्या मुली वॉर्डातल्या पहिल्या टर्मसाठी तिथे राहायला येत. बाई मरोळ गावठाणातल्या. वडिलांची भातशेती कारखान्यांखाली गेली, नवरा लवकर वारला, आणि या नोकरीत त्या टिकल्या ते शिस्तीच्या जोरावर. पाणी सकाळीच येई. गच्चीवरची टाकी भरली की तेवढ्यावर दिवस काढायचा. त्यामुळे त्यांच्या राज्यात सर्वांत मोठा गुन्हा म्हणजे पाण्याची नासाडी.

हा गुन्हा जयंती राणे रोज करू लागली.

वॉर्डातून आली की ती कोणाशी न बोलता न्हाणीघरात शिरायची. डोक्यावरून आंघोळ, बादल्यांमागून बादल्या. बाकीच्या मुली दारावर थापा मारायच्या. "राणे, आम्ही काय थुंकीने तोंड धुवायचं?" आतून फक्त पाणी ओतल्याचा आवाज येई. बाहेर आल्यावर ती जेवायलाही बसत नसे.

बाईंनी याचा आपल्यापुरता अर्थ लावला. लग्नाआधी त्या पार्ल्याला एका घरी मूल सांभाळायला जात. त्यांनी हात लावलेल्या भांड्यावर तिथली मालकीण पाणी शिंपडून घ्यायची. या पोरीच्या गळ्यात तुळशीची माळ होती, आणि ती आपल्या स्वयंपाकघरातलं अन्न शिवत नव्हती. रोगी हिला ओवळे वाटतात, आणि आपणही. बाईंना एवढं पुरेसं होतं.

त्यांनी न्हाणीघराला कुलूप लावलं. सकाळीच उघडायचं, नंतर नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जयंती मागच्या अंगणातल्या नळाखाली बसली, कोटासकट. झाडांना घालायचं पाणी तिने डोक्यावर घेतलं. गॅलरीतून मुली हसल्या. बाई तशाच डॉक्टर जयवंतांकडे गेल्या. मुलींच्या टर्मची सगळी व्यवस्था ते पाहत.

"ही पोरगी मला नको. शनिवारपर्यंत खोली रिकामी करून द्या."

"मग टर्म बुडेल तिची."

"बुडू दे."

डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली. बाईंनी जयंतीच्या वडिलांना तार केली, येऊन मुलीला घेऊन जा.

गुणाजी राणे शुक्रवारी देवगडहून एसटीने आला. जन्म लालबागच्या गिरणीत गेला होता. संपानंतर गिरणी उघडली नाही तेव्हा तो गावी परतला होता. बाईंनी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.

"काय केलं माझ्या पोरीनं? चोरी केली?"

"पाणी उपसते. सगळ्यांच्या वाट्याचं."

"म्हणून न्हाणीला कुलूप? माझ्या चेडवाक तुमी न्हावक देत नाय?" रागावला की त्याच्या तोंडी गावची भाषा येई. "मड्याक हात लागलो तर न्हाल्याशिवाय घरात येवचा नाय, ही आमची रीत. तुमच्यात नसेल."

"आमच्यात काय आहे ते मला सांगू नका. तुमची रीत किती बादल्यांची?"

"एक आंघोळ. मेलेल्या माणसामागे एक."

"मग तुमची पोर रोज का न्हाते? रोज नाही मरत कोणी तिच्या वॉर्डात."

भांडणाच्या भरात दोघांनी आपापल्याकडचं जे होतं ते टेबलावर आपटलं होतं, आणि आता दोघांनाही ते एकत्र दिसत होतं.

"बोलवा तिला," गुणाजी म्हणाला.

जयंती आली. हाताची कातडी धुऊन धुऊन पांढरी पडली होती. बापाने विचारलं, किती मेले?

"एकच. पहिल्या दिवशी."

"दोन वर्षं कॉलेजात मडी कापलीस ना गं?" बाईंनी दरडावलं. "तेव्हा नव्हतीस अशी न्हात."

"ती आधीच मेलेली होती," जयंती म्हणाली. "या पेशंटने माझा हात धरला होता. जीव कधी गेला ते मला कळलंच नाही. मी तशीच धरून बसले, वॉर्डबॉय येईपर्यंत. सगळे म्हणाले, हिला नाडीसुद्धा बघता येत नाही."

बाईंनी पदर खोचला आणि बापलेकीला घेऊन त्या डॉक्टर जयवंतांकडे निघाल्या.

"तुम्हीच म्हणालात, काढा," डॉक्टर म्हणाले.

"म्हणाले होते. आता नाही म्हणते."

"हा काय बाजार आहे?"

"पहिल्या दिवशी पोरींना भाषण देता. कोटाला इस्त्री करा, केस बांधा, पेशंटच्या खाटेवर बसू नका. हातात माणूस मेला तर काय करायचं ते कोण सांगणार? धोबी?"

"आम्हाला तरी कोणी सांगितलं होतं?"

"म्हणूनच तुम्ही असे झालात."

डॉक्टरांचा चेहरा उतरला नाही, पण त्यांनी दोन आठवड्यांची रजा मान्य केली आणि मनाच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. गुणाजी उसळला. "माझी पोर येडी नाय."

"ताप आला असता तर नेली असतीत ना?" बाई म्हणाल्या. "मग न्या. नाही नेलीत तर मी नेईन, आणि वाटेत तुमच्याबद्दल काय बोलेन ते तुम्हाला आवडणार नाही."

त्याने नेली. जाताना बाईंचे आभार मानले नाहीत, आणि त्यांना ते नकोच होते.

जयंती परतली तेव्हा न्हाणीघराला कुलूप तसंच होतं. किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली.

"वॉर्डातून आलीस की आधी इथे यायचं," बाईंनी बजावलं. "आज कोणाकोणाला बघितलंस ते सांगायचं. कोणी गेलं असेल तर किल्ली घे, पाणी मी तापवून देईन. जिवंत माणसांची आंघोळ नाही."

"तुम्हाला काय अधिकार?"

"मी फौजदार आहे ना?"

जयंती यायची, दारातच उभी राहायची, चौकशीला उभ्या केलेल्या चोरासारखी नावं सांगायची. पहिल्या आठवड्यात दोनदा, कोणी गेलं नसताना, तिने किल्लीकडे हात नेला. दोन्ही वेळा बाई खिळ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. एकदा तर जयंती त्यांना नको ते बोलली. बाईंनी ऐकून घेतलं आणि कांदा चिरत राहिल्या. एका संध्याकाळी मात्र वॉर्डातली एक म्हातारी पेशंट खरंच गेली. बाईंनी न बोलता बंब पेटवला, आणि ते पाणी एका आंघोळीला पुरलं.

टर्म संपत आली तेव्हाची गोष्ट. जयंती दारात आली आणि चिडूनच म्हणाली, "आज सगळे जिवंत आहेत."

"मग उभी काय राहिलीस?" बाई म्हणाल्या. "हात धू आणि ताट घे. भात निवतोय."

तिने हात धुतले, एकदाच, आणि ताट घेतलं.