मामांचं बेट आणि सरकारचा हॉल

सरकारी इमारतीत शिरल्या शिरल्या टाळी वाजवणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा हे माझं नशीब. टाळी कौतुकाची नव्हे. मामा दारात थांबत, धोतराचा सोगा सावरत, मान जराशी तिरकी करत आणि दोन्ही तळहात असे आपटत की आतल्या कारकुनाचा शिक्का भलत्याच कागदावर उमटे. मग डोळे मिटून, आवाज कुठं जाऊन परत येतो ते ऐकत. "घुमतंय. नाटकाच्या कामाचं नाय," असा निकाल दिल्यावरच ते आपलं काम सांगत. आमच्या मुलीच्या वेळी बायको सरकारी दवाखान्यात होती. मामा भाचीला बघायला आले ते बाळंतिणींच्या वॉर्डाच्या दारात टाळी वाजवूनच. नुकतीच झोपलेली सगळी बाळं एका सुरात उठली. नर्सबाई धावून आल्या, तर मामा शांतपणे म्हणाले, "बाई, आवाज पार शेवटच्या खाटंपर्यंत गेला. लई चांगली जागा हाय, कामून वाया घालवायले?" लग्नात ते पुढं कधी बसायचे नाहीत. शेवटच्या रांगेत बसत आणि ऐन मंगलाष्टकांत हात वर करून भटजींना सांगत, "मागं ऐकू येत नाय." पुढं पुढं तर माझे सासरे मामांच्या हाती अक्षता देतानाच त्यांना गप्प बसायची शपथ घालायला लागले. तिचा उपयोग व्हायचा नाही, ही गोष्ट वेगळी.

आम्ही शहरात, गारखेड्यात फ्लॅट घेतला तेव्हा मामा वास्तुशांतीला आले. बायको कौतुकानं म्हणाली, "मामा, या ना, हॉलमध्ये बसा." मामा उंबऱ्यावरच थबकले. "हॉल? कुठंय?" बायकोनं सोफ्याकडं बोट दाखवलं. मामांनी टाळी वाजवली, ऐकली, आणि मला विचारलं, "माणसं किती बसतेत?" मी म्हटलं, सोफ्यावर तिघं, बाकीचे खाली. त्यांनी सोफ्याभोवती एक फेरी मारली. जेवताना मात्र पुरणपोळीचा घास हातात धरून म्हणाले, "तीन माणसाला हॉल, आन आमच्या अख्ख्या गावाला नाय. ही कोणती लोकशाही म्हणायची, जावईबापू?" वास्तुशांतीला लोक काहीबाही बोलतात, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. पण मामांनी गावात जाऊन सांगितलं की जावयाकडं हॉल आहे. पुढच्याच आठवड्यात एसटीनं गावातली नाटकमंडळी ढोलकी, पेटी आणि राणीच्या लुगड्याचं गाठोडं घेऊन आमच्या दारात हजर. तालमीला. माझ्या सोफ्याचं सिंहासन झालं, फ्रिजच्या आडून राणी यायला लागली, आणि खालच्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ तक्रार करायला म्हणून वर आले ते प्रधानाचं काम कसं चुकतंय हे सांगत तिथंच बसले. बायको सगळ्यांना पोहे करून घालत होती आणि माझ्याकडं बघून हसत होती. माहेरचं माणूस आलं की ती माझ्या बाजूची राहत नाही.

या नाटकाबद्दल सांगायलाच हवं, कारण मामांच्या आयुष्यातली सगळी भानगड त्यातून निघालेली. मामांचं गाव गोदावरीच्या काठी, पैठणच्या वरच्या अंगाला. निजामाच्या राज्यात चार माणसं एका जागी जमली तरी कुणीतरी येऊन विचारपूस करायचं, तिथं नाटक कुठलं. मामा तेव्हा पोरसवदा. मग एके दिवशी पैठणहून बातमी आली की पोलीस ॲक्शन झाली आणि निजाम शरण आला. आता, आमच्याकडं ॲक्शन म्हणजे नटाचे हातवारे. 'काय ॲक्शन केली गड्यानं' असं म्हणायची रीत. त्यामुळं गावातल्या जाणत्या मंडळींचा असा समज झाला की पोलिसांनी कुठंतरी जबरदस्त नाटक केलं आणि ते बघून निजामानं राज्य सोडलं. गाव म्हणालं, पोलीस करतात तर आपण का नाही. चावडीपुढच्या दगडी पारावर गावाचं पहिलं नाटक उभं राहिलं. नाटक पौराणिक होतं, पण प्रसंगाला धरून त्यात एक हवालदार घातला. तो राजदरबारात येऊन सलाम ठोकतो आणि "म्हाराज, भायेर गडबड हाय" एवढंच म्हणून जातो. पुढं खरा अर्थ कळल्यावर लोक हसले, पण हवालदाराला कुणी काढलं नाही. दरसाल जत्रेला तेच नाटक, तोच पार. मामा आधी हरीण झाले, मग राजपुत्र, आणि मिशा फुटल्यावर जे राजा झाले ते पुढची कितीतरी वर्षं दुसऱ्या कुणाला सिंहासनावर बसू देईनात.

पुढं धरण आलं. मोजणीवाले आले, त्यांनी घरं मोजली, विहिरी मोजल्या, आंब्याची झाडं मोजली आणि ज्याचा त्याला मावेजा, म्हणजे भरपाई, लिहिला. मामा म्हणाले, पार मोजा. मोजणीवाला म्हणाला, दगडमाती आहे, कुणाच्या नावावर आहे? मामा म्हणाले, गावाच्या. त्यावर त्यानं टेप गुंडाळली. पाणी चढलं, चावडी गेली, पार गेला. लोकांना दूर सडकेच्या कडेला नवी जागा मिळाली. पण वरच्या टेकाडावरची घरं पाण्याच्या वर राहिली आणि तिथली माणसं हलेनात. पावसाळ्यानंतर टेकाडाच्या भोवती सगळीकडं पाणी असायचं, जायचं तर नावेनं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की चिखलातून बैलगाडीची वाट निघायची. मामा त्या टेकाडावर राहिले. मी एकदा विचारलं, कशाला हा हट्ट? ते म्हणाले, "पाण्यानं घरं बुडिवली, जावईबापू. गाव नाय बुडालं. ज्या साली नाटक थांबंल त्या साली बुडंल." मारुतीच्या देवळापुढं ताडपत्री ताणून ते नाटक करत होते. वारं सुटलं की ताडपत्री उडायची आणि राजा, राणी, राक्षस सगळे मिळून ती धरायला पळायचे. नवी पोरं म्हणायला लागली, ताडपत्री धरायला आम्ही येणार नाही. मामांना झोप लागेना. सरकारकडून पक्का हॉल मिळाला नाही तर नाटक आपल्याबरोबर संपेल, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं.

अशात त्यांना पेपरात कुठंतरी सापडलं की बेटांवरच्या गावांना सभागृह आणि रंगमंच बांधून द्यायला सरकार पैसे देणार आहे. योजना समुद्राकाठची होती, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मामांनी अर्ज ठोकला. वर, मी शाळेत भूगोल शिकवतो हे त्यांना ऐनवेळी आठवलं आणि मला साक्षीदार म्हणून कचेरीत ओढून नेलं. साहेब म्हणाले, "आजोबा, बेट समुद्रात असतं." मामा म्हणाले, "तुमच्या कागदात समुद्र कुठं लिवलाय? बेट लिवलंय. हे आमचे जावई भूगोलाचे मास्तर हायेत, त्यायला इचारा." मी चोरट्या आवाजात व्याख्या म्हटली की चारी बाजूंनी पाण्यानं वेढलेल्या भूभागाला बेट म्हणतात. "आणि उन्हाळ्यात?" साहेबांनी विचारलं. व्याख्येत उन्हाळा नव्हता. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

तरी फाईल निघाली. निघाली म्हणजे हरवली. मामा तिच्या मागं कचेरीच्या व्हरांड्यात हिंडायला लागले. तिथला जुना चपराशी दखनी बोलणारा. मामा म्हणाले, बेटाची फाईल कुठंय? तो म्हणाला, "किसके बेटे की, मामू? नौकरी का मामला है क्या?" हा घोळ निस्तरेपर्यंत दुसरा झाला. कुण्या हुशार बाबूनं 'बेट' हा शब्द वाचला, बांबूचं बेट असणार असं ठरवलं आणि फाईल वनखात्याकडं धाडली. एक दिवस टेकाडावर खरोखरच एक वनरक्षक येऊन उभा राहिला आणि बांबू कुठं तोडायचाय ते दाखवा म्हणाला. मामांनी त्याला जेवू घातलं, नाटकातला राक्षसाचा मुखवटा दाखवला, आणि जाताना त्याच्याकडूनच लिहून घेतलं की या ठिकाणी बांबू नाही. "एक तर सिद्ध झालं," ते मला म्हणाले. "बांबूचं नाय, म्हंजी पाण्याचंच बेट हाय."

मग पाहणी लागली, ती भर मे महिन्यात. साहेब जीपनं थेट मामांच्या अंगणात आले. चहूकडं भेगाळलेला गाळ, त्यात धनगरांची मेंढरं चरतायत. साहेबांनी घाम पुसला आणि विचारलं, "बेट कुठंय?" मामा जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "बेट हेच, साहेब. पाणी सुट्टीवर गेलंय. उन्हाळ्यात तुमच्या शाळा-कचेऱ्या नाय का जात?" साहेब हसले, चहा प्यायले आणि प्रकरण नामंजूर करून गेले. त्या वेळी मामा आमच्याकडं आले ते टाळी न वाजवता सोफ्यावर बसून राहिले. बायकोला रडू आलं. मीही त्यांची चेष्टा केली नाही, याची नोंद घ्यावी.

पण मामा बसून राहणाऱ्यांतले नव्हते. पाणी भरल्यावर फेरपाहणी करा म्हणून त्यांनी कचेरीत इतका उच्छाद मांडला की ब्याद टळावी म्हणून एक तरुण इंजिनिअर पाठवण्यात आला. तो नावेतून उतरला तोच मुळी कपाळाला आठ्या घालून. "हे बेट नाही, धरणाच्या फुगवट्याचं पाणी आहे," असं त्यानं पाय टेकतानाच सांगितलं. मामा बरं म्हणाले. एवढ्यात वारं सुटलं. आमच्याकडचं पाणी समुद्रासारखं उसळतं हे शहरातल्या माणसाला खरं वाटत नाही. नावाड्यानं नाव ओढून काठाला बांधली आणि सांगितलं, वारं पडल्याबिगर जाणं नाय. वारं काही पडेना. इंजिनिअर दर थोड्या वेळानं एकेका काठावर जाऊन बघून यायचा. मामा प्रत्येक वेळी गंभीरपणे विचारत, "कसं काय साहेब, सापडली का वाट?" दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुण्याची करमणूक म्हणून नाटक लावलं. हवालदाराचं काम करणारा पलीकडच्या काठाला अडकलेला. इंजिनिअरची पँट खाकी. पुढचं सांगायला नको. तो आधी नको नको म्हणाला, मग "म्हाराज, भायेर गडबड हाय" हे वाक्य त्यानं असं म्हटलं की टेकाडावरच्या बायांनी वन्स मोअर दिला. त्यालाच ते इतकं आवडलं की तो तीनदा आत जाऊन तीनदा बाहेर आला. गावाकडचे म्हणतात की परत गेल्यावर त्यानं अहवालात लिहिलं, स्थळाच्या चारी बाजूंनी पाणी असल्याची प्रत्यक्ष राहून खात्री केली. हॉल मंजूर झाला.

नावेतून सिमेंट गेलं, पत्रे गेले. विटांच्या भिंती, पुढं रंगमंच, त्याला खरा लाल पडदा. पहिल्या वर्षी सडकेच्या नव्या गावातून माणसं नावा भरभरून आली आणि आत मावेनात. मामा राजाच्या वेषात दारात उभे राहून एकेकाला हाताला धरून बसवत होते. त्यांचं नाटक त्या दिवशी उशिराच सुरू झालं. दुसऱ्या वर्षी नावा कमी झाल्या. नव्या गावात टीव्ही आले होते, शिवाय लेकरं घेऊन पाण्यातून कोण जाणार. मग टेकाडावरची शाळा बंद झाली आणि तिथली घरंही एकेक करून उठली. कुणी पैठणला गेलं, कुणी लासूर स्टेशनला आडत्याच्या दुकानात कामाला लागलं. त्यांना बोल लावता येत नाही. नट मात्र जत्रेला न चुकता येत राहिले. त्यांना काम करायचं असायचं, आणि हॉल तर पक्काच होता. असं करत करत एक साल असं आलं की रंगमंचावर सगळे हजर आणि खाली सतरंजीवर कुणीच नाही.

त्या साली मी गेलो होतो. मेकअप करायला बसलेल्या मामांनी पडद्याच्या फटीतून एकदा बाहेर बघितलं. मग मुकुट काढला, चुलतभावाच्या नातवाच्या डोक्यावर ठेवला आणि रंगमंचाच्या पायऱ्या उतरून सतरंजीवर येऊन बसले. मी म्हटलं, मामा, राजा तुम्ही आहात. ते म्हणाले, "करणारे लई हायेत, जावईबापू. बघणारं पायजे कुणीतरी." चेहऱ्याला अर्धा रंग तसाच होता. सगळं नाटक त्यांनी मन लावून बघितलं. जिथं हसायचं तिथं मोठ्यानं हसले, राणीच्या वेळी खांद्यावरच्या उपरण्यानं डोळे पुसले, हवालदाराला वन्स मोअर दिला. पुढं जितकी वर्षं होते तितकी वर्षं ते तिथंच बसले. पुन्हा रंगमंचावर चढले नाहीत.

मामा गेले. शहरात राहा म्हणून आम्ही शेवटपर्यंत विनवलं, पण ते टेकाडावरच गेले. आता जत्रेच्या आधी राजाचा, म्हणजे चुलतभावाच्या त्या नातवाचा, फोन येतो. तो एका कंपनीत कामाला आहे, खास रजा काढतो. म्हणतो, "सर, पाणी भरलंय, नाव लावून ठेवतो. तुम्ही दोघं येणार ना?" आम्ही जातो. सतरंजीवर मी आणि बायको, एवढेच. राणी रडते तेव्हा बायको हमखास रडते. मला ते नाटक पूर्वीही आवडत नव्हतं, आताही आवडत नाही. त्यात गोष्ट म्हणून धड नाही आणि हवालदार तर कशातच बसत नाही. अर्ध्यात मांडी अवघडते, बाहेर जाऊन पाय मोकळे करावेसे वाटतात. पण मी उठत नाही. आम्ही उठलो तर खाली कोणीच राहणार नाही.